‘सॅटेलाइट ट्रॅकर’ म्हणून विकलं, आत निघालं सिमकार्ड

पुण्यातल्या बायकर मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक नारिंगी डबी फिरते आहे. मुठीत मावेल एवढी, जाड रबराची, लाल झाकणाखाली एसओएसचं बटण. विकणारा सांगतो की हा सॅटेलाइट ट्रॅकर आहे, मोबाइलला रेंज नसली तरी घरी मेसेज जातो आणि बटण दाबलं की बचावपथकाला तुमचं ठिकाण कळतं. लडाख, स्पिती, झंस्कारला निघालेल्यांनी ही डबी घेण्याआधी कृपया हे वाचा. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी ती घेतली. मी साडेअठ्ठावीस हजार मोजले आणि वर्षाच्या ‘सॅटेलाइट प्लॅन’चे सहा हजार वेगळे.

माणूस रायडिंग जॅकेटं, पॅनियर, क्रॅशगार्ड विकणारा, ओळखीतून आलेला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. सिंहगड रोडवरच्या एका हॉटेलात त्याने आम्हाला डेमो दिला. डबी टेबलावर ठेवली, बटण दाबलं आणि चहा येईपर्यंत त्याच्या मोबाइलच्या नकाशावर आमचा ठिपका उमटला. सगळ्यांनी मान डोलावली.

त्या डेमोमध्येच सगळी मेख होती. डबी स्लॅबखाली होती. गार्मिन कंपनीच्या इनरीचसारखी खरी सॅटेलाइट उपकरणं इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांच्या जाळ्यावर चालतात. त्या जाळ्यात 66 उपग्रह आहेत आणि त्यातला एखादा उपकरणाच्या थेट समोर यावा लागतो. त्याला मोकळं आकाश लागतं. दाट झाडीत किंवा अरुंद दरीत मेसेज जायला कित्येक मिनिटं लागतात, आणि पक्क्या छताखाली तर त्याचा भरवसाच नसतो. भर शहरात, चारी बाजूंना मोबाइलचे टॉवर असताना दाखवलेल्या डेमोवरून काहीच सिद्ध होत नाही. डेमो बघायचाच असेल तर जिथे कुठल्याच कंपनीची रेंज नाही अशा जागी बघा.

विकणाऱ्याच्या बोलण्यात इस्रो आणि नाविक (जीपीएससारखी भारताची स्वतःची यंत्रणा) ही नावं सारखी यायची. त्यातला खरा भाग असा. बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक या केंद्रात भारताचं मिशन कंट्रोल सेंटर आहे आणि कॉस्पास-सारसॅट या उपग्रहांवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणेमार्फत तिथे संकटाचे संदेश येतात. पण ते 406 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या बीकनचे, म्हणजे संकटात सिग्नल सोडणाऱ्या खास यंत्रांचे. अशा प्रत्येक बीकनला स्वतःचा वेगळा कोड असतो आणि तो मालकाच्या नावाने नोंदवायचा असतो. आमच्या डबीवर असला कोणताच कोड नव्हता. विचारलं तर म्हणाला, “सर, नोंदणी बॅकएंडला होते.”

आणि जीपीएस काय, नाविक काय, ते आपल्याला फक्त जागा सांगतात. ते उपग्रह वरून सिग्नल सोडतात, आपलं यंत्र तो ऐकून जागा काढतं, उलट काहीच पाठवत नाही. आकाशवाणी ऐकू येते म्हणून कुणाला आकाशवाणीवर बोलता येत नाही, तसंच हे. काढलेली जागा घरी पोचवायला वेगळा मार्ग लागतो. तो उपग्रहाचा की मोबाइलच्या टॉवरचा, एवढाच प्रश्न विचारायचा असतो, आणि नेमका त्यालाच तो माणूस बगल देत होता.

उत्तर मिळालं मढे घाटात. लडाखला जाण्याआधी चाचणी म्हणून वेल्ह्यावरून केळदला गेलो. घाटाच्या कड्यापाशी ग्रुपमधल्या एकाच्याही फोनला रेंज नव्हती. ‘सुखरूप आहे’ हे बटण दाबलं. डबीवरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे मेसेज गेला. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं, पुन्हा हिरवा. माझी बायको घरी फोन हातात घेऊन बसली होती. तिला काहीही आलं नाही. परतताना वेल्ह्याच्या जवळ फोनला रेंज आली आणि सगळे मेसेज एकदम तिच्याकडे धडकले. सगळ्यांवर पोचल्याची वेळ एकच, आणि ठिकाण मढे घाट. डबी मेसेज साठवून ठेवत होती आणि टॉवर मिळाला की सोडत होती.

मला पैशांपेक्षा त्या हिरव्या दिव्याचा राग येतो. यंत्र बंद पडलं तर माणूस दुसरी सोय बघतो. वाटसरूला थांबवतो, साथीदाराला मागच्या गावात पाठवतो. इथे दिवा सांगतो की निरोप पोचला. पाय मोडून पडलेला माणूस मदत येईल म्हणून जागेवरच थांबणार, आणि घरचे जुना ठिपका बघून निर्धास्त राहणार. उंचावरच्या थंडीत असा एक तास फुकट जाणं म्हणजे काय, हे तिकडे गाडी चालवलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. असं यंत्र विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतो.

नंतर मी डबी तपकीर गल्लीत एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चार स्क्रू काढले, रबराची कड सोडवली. आत बॅटरी, एक हिरवा बोर्ड आणि मागच्या गोल स्टिकरखाली दडवलेलं सिमकार्ड. काकांनी सिम चिमटीत धरून दाखवलं. “साहेब, हा तर गाडीच्या ट्रॅकरचा बोर्ड आहे. ट्रान्सपोर्टवाले ट्रकला लावतात ना, तोच. वरचं कव्हर तेवढं भारी आहे.” सिम यंत्रांसाठी देतात ते, 13 आकडी नंबरचं. उपग्रहाशी बोलणारा एकही भाग आत नव्हता. मग सहा हजारांचा ‘सॅटेलाइट प्लॅन’ कसला, तर या सिमच्या रिचार्जचा. वर लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालतच नाही. म्हणजे ज्या रस्त्यासाठी डबी घेतली, तिथल्या गावातही ती मुकी राहण्याची शक्यता.

बिल काढून बघितलं तर त्यावर ‘जीपीएस ऍक्सेसरी’ एवढंच. सॅटेलाइट हा शब्द कुठेच नाही, जीएसटी नंबर नाही, पैसे गेलेले एका खासगी खात्यावर, यूपीआयने. सरकारी मान्यता म्हणून त्याने जो कागद दाखवला होता, तो ईटीएचा, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हलचा होता. ब्लूटूथ, वायफायसारख्या परवानामुक्त लहरींवर चालणाऱ्या वस्तूंसाठी कंपनी स्वतःच माहिती भरून तो घेते. सॅटेलाइट उपकरणाच्या परवान्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्याला फोन केला. आधी म्हणाला फर्मवेअर अपडेट करावं लागेल. मग म्हणाला ऍक्टिव्हेशनला वेळ लागतो. सिमचा फोटो पाठवल्यावर सूर बदलला. “सर, सॅटेलाइट डिव्हाइस भारतात अलाउड नाही. पोलिसांत गेलात तर आधी तुम्हीच आत जाल.” आणि इथेच आमच्यातले निम्मे लोक गप्प बसले.

या धमकीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती लागू पडते. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा इनरीचसारखं उपकरण बाळगायला आपल्याकडे खरंच मनाई आहे. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा वायरलेस तार कायदा यांच्या आधारे विमानतळांवर कारवाया झाल्या आहेत. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर इनरीच सापडलं म्हणून एका कॅनेडियन धावपटूला अडवलं होतं. त्यामुळे दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणाकडून असं उपकरण मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. कायदेशीर वाट म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारा इन्मारसॅट कंपनीचा सॅटेलाइट फोन. तो महाग आहे, आणि त्याला रीतसर कागदपत्रं लागतात.

पण आमच्या डबीला यातलं काहीच लागू होत नाही. आत उपग्रहाशी बोलणारं यंत्रच नाही, तर बेकायदा सॅटेलाइट उपकरण बाळगल्याचा गुन्हा होणार कशाचा? फसवलेला माणूस घाबरून गप्प बसावा, यासाठी केलेली ती मांडणी आहे.

मी बँकेला लेखी कळवलं, 1930 वर सायबर तक्रार नोंदवली आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं. काकांकडून, आत काय निघालं ते कागदावर सही-तारखेनिशी लिहून घेतलं, उघडलेल्या डबीचे फोटो काढले, व्हॉट्सऍपवरचं सगळं बोलणं जपून ठेवलं. विशेषतः ‘रेंज नसली तरी चालतं’ हे त्याचं वाक्य, कारण बिलावर जे नाही ते तिथे आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. लेखी नोटीस गेल्यावर त्याने डबीचे पैसे तुकड्यातुकड्यांत परत केले. प्लॅनचे सहा हजार अजून यायचे आहेत, आणि जे गप्प बसले त्यांना छदामही मिळालेला नाही. त्यांनी अजूनही तक्रार करावी. मी कागद तयार करायला मदत करीन.

लडाखची राइड आम्ही करणारच आहोत, जुन्या पद्धतीने. रोजचा मार्ग आणि मुक्काम घरी लिहून ठेवायचा, कोणत्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं ते ठरवायचं, दोन वेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिमं ठेवायची, एकट्याने पुढे जायचं नाही. 112 हा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसताना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो, हे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

तीच डबी आता काळ्या कव्हरमध्ये, दुसऱ्या नावाने विकायला आली आहे. ओळखायची खूण म्हणजे मागचं गोल स्टिकर. ते नखाने उचलून बघा, खाली सिमची खाच दिसेल. विकणारा स्टिकर काढू देत नसेल तर पैसे देऊ नका.