उरलेल्या माल्टची एल आणि ओकचे चौकोनी तुकडे

परीक्षण घरी केलेल्या बिअरला चव यावी म्हणून घालायच्या ओकच्या लाकडी तुकड्यांच्या पाकिटाचं आहे, पण ते कोणत्या बिअरमध्ये घातले हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कपाटात माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, अर्धवट फोडलेल्या पिशव्या साठल्या होत्या. मॅरिस ऑटर ३.५ किलो, म्युनिक माल्ट ७०० ग्रॅम, क्रिस्टल ३५० ग्रॅम आणि ३०० ग्रॅम ओट्स. हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) फगल जातीचं एक पाकीट आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज, दोन्ही उघडून पुन्हा बांधून फ्रीझरमध्ये ठेवलेले. एवढं सगळं समोर असल्यावर इंग्लिश पद्धतीची एल (थोड्या उबदार तापमानात आंबवलेली बिअर) सोडून दुसरं काही करावंसं वाटलंच नाही. मॅरिस ऑटर हे केंब्रिजला १९६०च्या दशकात तयार झालेलं बार्लीचं वाण. त्याला बिस्किटासारखी जी भरीव चव असते तिच्यावरच ही बिअर उभी राहते.

उरलेला माल वापरायचा तर आधी तो चाखा. माल्टचा दाणा दाताखाली कुडकुडीत फुटला तर बेलाशक वापरा. चिवट लागला तर तो सादळलाय. हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येत असेल तर जीव न अडकवता टाकून द्या. माझे हॉप्स ठीक होते, फक्त कडवटपणा थोडा उतरला असणार म्हणून फगल १० ग्रॅम जास्त घातले. ६७ अंशांवर तासभर मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं), तासभर उकळणं, १९ लिटर वर्ट (आंबवायच्या आधीचा गोड रस), ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता) १.०५६. इंग्लिश यीस्टने १९ अंशांवर ती १.०१४वर आणली, म्हणजे साधारण ५.५ टक्के अल्कोहोल.

आता ओक. मी घेतले ते फ्रेंच ओकचे, मध्यम भाजलेले चौकोनी तुकडे. याआधी मी ओकच्या चिप्स वापरायचो आणि दर वेळी एकच तक्रार असायची: पाच-सहा दिवसांत लाकूड बिअरच्या अंगावर येतं आणि खाली माल्ट सापडतच नाही. चिप पातळ असते, चहूबाजूंनी भिजते, असेल नसेल ते एकदम सोडून देते. तुकड्याचं तसं नाही. एक तुकडा मी सुरीने मधोमध चिरून पाहिला. कडेला गडद तपकिरी, मग मधासारखा रंग, आणि गाभ्यात जवळजवळ कच्चं फिकट लाकूड. बिअर या थरांतून हळूहळू आत जाते आणि चवही तशीच टप्प्याटप्प्याने बाहेर येते. म्हणूनच याला आठवडे लागतात.

निर्जंतुक करताना उकळतं पाणी ओतून ते फेकू नका. मागे मी तसं केलं होतं. फेकलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि सुगंध त्याच्याबरोबर मोरीत गेला. या वेळी १५ मिनिटं वाफवले आणि ४० ग्रॅम तुकडे बिअरने गळ्यापर्यंत भरलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडले. आधी तरंगले, भिजल्यावर एकेक करून बुडाले.

दर आठवड्याला दोन घोट काढून चाखत गेलो. पहिल्या आठवड्यात नुसता रंधा मारलेल्या फळीचा वास. तिसऱ्या आठवड्यात मी खरोखर घाबरलो: हिरड्या आवळून धरणारा कोरडेपणा, माल्ट कुठेतरी मागे दबलेलं. काढून टाकावेत असं वाटलं होतं, पण हात आवरला. पाचव्या आठवड्यात तो कोरडेपणा खाली बसला आणि त्याच्या जागी व्हॅनिला, भाजलेल्या पावाची कड आणि अगदी पुसटसा लवंगेचा मसाला आला. सहा आठवडे पुरे होताच बिअर काढून घेतली. ८५ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. फेस मुद्दाम कमी ठेवला, कारण जास्त गॅस असला की ओकचा तुरटपणा जिभेला टोचतो.

अमेरिकन ओक घेतलं असतं तर व्हॅनिला आणि नारळाची छटा आणखी पुढे आली असती. या बिअरला ती भारी पडली असती असं माझं मत. खरं तर इंग्लंडमध्ये पिपातल्या बिअरला लाकडाची चव असावी असं पूर्वी कुणी मानत नसे. १९व्या शतकातले तिथले ब्रूअर बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून येणारं ओक मुद्दाम निवडत, ते बिअरला फारशी चव देत नाही म्हणून. तेव्हा 'ओक घातलेली इंग्लिश एल' ही जुनी परंपरा नव्हे, आपल्या काळाची आवड आहे. ती जपायची तर हलक्या हातानेच जपावी, आणि तिथेच हे तुकडे मला पसंत पडले.

पाकिटाबद्दल तक्रारी दोन. तळाशी चमचाभर भुसा निघाला. तो चाळणीतून काढावाच लागतो, नाहीतर चिप्ससारखाच एकदम उतरतो. दुसरी तक्रार जास्त गंभीर. वेष्टनावर 'दोन आठवडे' एवढंच छापलंय. ते वाचून कुणी चौदाव्या दिवशी बिअर बाटल्यांत भरली तर त्याला फक्त कच्चं लाकूड मिळेल आणि दोष तो ओकला देईल. बाकी भाजणी एकसारखी, एकही तुकडा करपलेला नाही, वास स्वच्छ. पाचपैकी चार तारे.

बाटल्या भरून आज सात आठवडे झाले. रंग तांब्याचा, फेस पातळ पण शेवटपर्यंत टिकणारा. पहिल्या घोटाला माल्ट येतं, गिळल्यावर ओक. पाकिटातले ६० ग्रॅम तुकडे उरलेत. ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेत, पुढच्या पोर्टर या गडद बिअरसाठी.