घरी जुळवलेला ऑल-ग्रेन ब्रूइंग सेटअप: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑल-ग्रेन म्हणजे तयार अर्क न घेता थेट माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, बीअर करणं. तयार ऑल-इन-वन यंत्र न घेता सुटे भाग जमवून मी त्यासाठी हा सेटअप उभा केला. त्यावर आता बऱ्याच बॅचेस निघाल्या आहेत. आधी निकाल सांगते: मी तो बदलणार नाही. यातले काही भाग पैसे वसूल करून मोकळे झाले. काहींच्या जागी साधी वस्तू असती तरी तेवढंच काम झालं असतं. नवीन माणूस बहुतेक वेळा पैसे चुकीच्या बाजूला घालतो, म्हणून हा फरक नीट सांगावासा वाटतो.

घरी बीअर करण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, एकाच देशात प्रांतोप्रांतीही वेगळे असतात. नळ आणि व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी ते पाहून घ्या.

माझ्याकडे मॅशसाठी, म्हणजे दळलेले दाणे गरम पाण्यात भिजवून साखर काढण्यासाठी, ४० लिटरचा इन्सुलेटेड आईसबॉक्स आहे. उकळण्यासाठी हीटिंग एलिमेंट बसवलेलं ५० लिटरचं स्टीलचं पातेलं, गरम पाण्यासाठी दुसरं पातेलं, तांब्याच्या नळीचा चिलर, एक मॅग्नेटिक पंप आणि फर्मेंटर (बीअर आंबवण्याचं भांडं) ठेवायला जुना फ्रिज. बॅच २० लिटरची.

मॅशचा डबा स्वस्तातला असूनही सर्वात जास्त काम करतो. तासाभराच्या मॅशमध्ये तापमान जेमतेम एक अंश उतरतं, पण त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या. अशा डब्यांच्या भिंतीत फोम असतो, झाकण मात्र बरेचदा आतून पोकळच असतं. झाकणाला बारीक भोकं पाडून आत फुगणारा फोम भरला आणि उष्णता वरून निसटायची थांबली. दुसरी गोष्ट रोजची आहे: मॅशच्या आधी डब्यात गरम पाणी ओतून दहा मिनिटं ठेवायचं. हे केलं नाही तर डब्याच्या भिंतीच दोन-तीन अंश पिऊन टाकतात आणि मग सगळा हिशोब कोलमडतो.

हिशोब साधा आहे. किलोमागे तीन लिटर पाणी, दाणे २५ अंशांवर, मॅश हवा ६६ अंशांवर. दोन्हींतला फरक ४१. त्याला ०.४१ ने गुणायचं, तीनने भागायचं, येतात साधारण ५.६. म्हणजे पाणी ७१.६ अंशांचं हवं. डबा आधी तापवलेला असेल तर हे गणित बरोबर लागू पडतं.

या एक-दोन अंशांवर इतका जीव टाकायचं कारण माल्टमधली विकरं. बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांत जोमात असतं आणि यीस्टला सहज खाता येणारी साखर बनवतं. अल्फा-अमायलेज ७० च्या आसपास रमतं आणि मोठे तुकडे मागे सोडतं, जे यीस्टला पचत नाहीत. ६४ अंशांवरचा मॅश कोरडी, हलकी बीअर देतो. तेच दाणे ६९ वर भिजवले तर बीअर भरीव लागते आणि शेवटचं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) वर राहतं. रेसिपी तीच, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तेच, यीस्टही तेच, आणि हातात दोन वेगळ्या बीअर. म्हणून या सेटअपमध्ये चांगला थर्मामीटर ही चैन नाही. बर्फ वितळत असलेल्या पाण्यात त्याने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १०० आणि उंचावर थोडं कमी. मॅश ढवळून तीन-चार ठिकाणी मोजायचं, कारण मध्ये आणि कडेला सहज दोन अंशांचा फरक पडतो.

डब्याच्या तळाला आधी स्टीलच्या जाळीदार नळीचं वेटोळं होतं, नंतर भोकांचा स्टीलचा खोटा तळ बसवला. बॅच स्पार्ज करणाऱ्याला, म्हणजे दाण्यांत उरलेली साखर धुवायला पाणी एकदम ओतून, ढवळून, एकदम काढून घेणाऱ्याला, जाळीची नळी पुरते. खोट्या तळामुळे बीअर सुधारली असं मला दिसलं नाही. धुणं मात्र सोपं झालं, आणि पंप लावून वर्ट (मॅशमधून निघणारा गोड रस) फिरवायचा असेल तर तो हवाच, कारण पंपाच्या ओढीने जाळीची नळी चपटी होते.

खरा फरक पडला तो दळण्यात. रोलर मिल हाताशी आल्यावर फटीचं माप स्वतः ठरवता आलं. माझ्याकडे ते १.१ मिलिमीटरवर स्थिर आहे. दळलेलं मूठभर धान्य तळहातावर पसरून बघावं: टरफल जवळजवळ अखंड, आत पोकळ, आणि शेजारी पांढऱ्या गराचे चार-सहा तुकडे. अख्खा दाणा दिसता कामा नये, पीठही फार नको. वर्ट गाळून निघतो तो या टरफलांच्या थरातूनच. त्यांचा भुगा झाला की वर्ट अडकलाच. गव्हाच्या माल्टला टरफल नसतं, म्हणून गहू जास्त असलेल्या बॅचमध्ये मी धुतलेलं भाताचं तूस दोन-तीन मुठी मिसळते. चवीला काही फरक पडत नाही, वाट मोकळी राहते.

गाळण्याची सुरुवात मला या सगळ्या कामात सर्वात आवडते. नळ अगदी थोडा उघडायचा. पहिलं येतं ते गढूळ, पिठाळ, त्यात टरफलांचे कण. ते जगमध्ये घेऊन हलक्या हाताने पुन्हा वर ओतायचं, थर न ढवळता. दुसऱ्या-तिसऱ्या जगला कण नाहीसे होतात आणि मग एका क्षणी धार पारदर्शक होते. तिच्यातून नळाची मागची कड दिसू लागते. तिथून पुढचा वर्ट पातेल्यात घ्यायचा. नळ लगेच पूर्ण उघडू नका. थर दबला की पुन्हा सैल होत नाही.

पाण्याचा अंदाजही इथेच पक्का झाला. दाणे किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतात. साडेचार किलोच्या मॅशला साडेतेरा लिटर पाणी दिलं तर बाहेर नऊच येतं. उरलेलं स्पार्जमधून भरून काढायचं, ७५ अंशांच्या आसपासच्या पाण्याने. पाणी त्याहून फार गरम असलं आणि मॅशचा पीएच सहाच्या वर गेला, की टरफलांतलं टॅनिन उतरतं आणि जिभेला सुकलेल्या चहासारखा तुरटपणा लागतो.

कार्यक्षमता, म्हणजे दाण्यांतली किती साखर हाती आली ते, बघायची तर एक किलो पेल (फिकट) माल्टमधली सगळी साखर एका लिटरात उतरली असं धरून सुमारे ३०० गुण मोजतात. साडेचार किलोचे १३५०. २० लिटर वर्ट १.०५० गुरुत्वाचा आला तर लिटरमागे ५० गुण, एकूण हातात १०००, म्हणजे ७४ टक्के. माझा सेटअप दर वेळी या आकड्याच्या आगेमागेच राहतो, आणि मला त्याचं कौतुक आहे ते याच कारणासाठी. ८५ टक्के मिळवायची धडपड घरी कशाला करावी ते मला कळत नाही, अर्धा किलो माल्ट जास्त घातला की झालं. पण आकडा कधी ६२ आणि कधी ८० येत असेल तर रेसिपी लिहून ठेवण्यात अर्थच उरत नाही.

पाण्याबद्दल दोन शब्द. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधल्या फिनॉलशी जुळून औषधी वास देतं, आणि तो अगदी थोडासा असला तरी लपत नाही. ते घालवायला कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) एक गोळी जवळजवळ ७५ लिटर पाण्याला पुरते. माझ्यापुरतं हे ब्रूइंगमधलं सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीचं काम आहे. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असावा. फिकट माल्टच्या बॅचला त्यासाठी थोडं लॅक्टिक आम्ल लागतं, काळपट भाजलेला माल्ट असेल तर बहुधा लागत नाही. पीएचची मोजपट्टी स्वतःच बीअरच्या घरात जन्मली आहे. १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी ती कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडली. मीटर हातात घेताना मला हे नेहमी आठवतं आणि बरं वाटतं.

उकळण्याच्या पातेल्यात ३ किलोवॉटचं एलिमेंट आहे. २५ लिटर वर्ट २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे २.३ युनिट वीज लागते, म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ०.६ युनिटहून अधिक लागते, त्यामुळे जोमदार उकळीत तासाला तीन-चार लिटर उडतात. त्याहून मोठं एलिमेंट या बॅचला लागत नाही. २३० व्होल्टवर हे १३ अँपिअर झालं, तेव्हा वायर जाड, अर्थिंग पक्कं आणि सर्किटवर विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी, यांत तडजोड नको. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी हे काम चालतं. विजेचं जमत नसेल तर वायरमनला बोलवा.

उकळताना झाकण ठेवायचं नाही. माल्टमधल्या एका घटकापासून उष्णतेने डीएमएस बनतं, त्याचा वास उकडलेल्या मक्यासारखा. ते वाफेबरोबर जायला हवं. पिल्सनर या अगदी फिकट माल्टला मी दीड तास देते, बाकीच्यांना एक तास. उकळी फुटण्याच्या आधी प्रथिनांचा फेस झपाट्याने वर येतो, तेव्हा पातेल्याजवळून हलू नये.

चिलर म्हणजे १५ मीटर तांब्याची नळी, वेटोळं करून. शेवटची पंधरा मिनिटं तो उकळत्या वर्टमध्ये बुडवला की निर्जंतुक होतो. नुसता ठेवून दिला तर वर्ट फार सावकाश निवतो. नळीभोवतीचा थर थंड होतो आणि तिथेच थांबून राहतो. पंपाने वर्ट फिरवत ठेवला की वेळ जवळजवळ निम्मा होतो. पंपाचं खरं मोल मला इथे कळलं. चिलर वर्टला आत येणाऱ्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. नळाचं पाणीच कोमट असेल तर ३५ अंशांपर्यंत त्याने उतरवायचं आणि पुढे बर्फाचं पाणी बादलीतून फिरवायचं.

पंप मात्र स्वतःहून पाणी ओढत नाही. तो पातेल्याच्या खाली बसवायचा, आधी नळी भरू द्यायची, मग चालू करायचा, आणि वेग कमी करायचा तो बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हने. आतल्या बाजूने आवळला तर आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप नुसता घरघरतो.

आता फ्रिज. वर सांगितलेल्या सगळ्या भागांपेक्षा बीअरवर जास्त परिणाम त्याचा झाला, आणि त्यात चमकदार असं काहीही नाही. जुना फ्रिज, दोन सॉकेटचा तापमान नियंत्रक, एकाला फ्रिज, दुसऱ्याला छोटा हीटर. किण्वन स्वतः उष्णता सोडतं. भरात असताना फर्मेंटर खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम असतो. खोली २४ ची असेल तर यीस्ट २८ वर काम करतं आणि जड मद्यार्क व नको तितके फळांचे वास बनवतं. असली बीअर दोन पेल्यांत डोकं धरायला लावते. एल (उबेत आंबणाऱ्या बीअरच्या) यीस्टला १८ ते २० आणि लागरला (थंडीत आंबणाऱ्या) ९ ते १३ अंश मिळाले की तीच रेसिपी ओळखू येत नाही इतकी स्वच्छ लागते. प्रोब (नियंत्रकाचा तापमान मोजणारा भाग) हवेत लटकवू नका, फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटांचा विलंब नियंत्रकात लावून ठेवा, नाहीतर फ्रिज लवकर जाईल. एखाद्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर त्याने मॅश स्वयंपाकघरातल्या पातेल्यात दाणे पिशवीत घालून करावा आणि फ्रिज घ्यावा.

स्वच्छतेसाठी सोडियम परकार्बोनेट, मग न धुता चालणारं आम्लाचं सॅनिटायझर, एवढंच पुरतं. बॉल व्हॉल्व्ह मात्र दर काही बॅचनंतर उघडावे. आतल्या गोळ्यामागे साखरेचा चिकट थर बसतो, बाहेरून तो दिसत नाही. तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह याच कारणासाठी घ्यावा, दोन तुकड्यांचा सहज उघडून साफ करता येत नाही.

बाटल्या भरण्यात सेटअपचं फार काही नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने गुरुत्व तेच आलं की बाटलीत गॅस धरायला लिटरमागे साधारण सहा ग्रॅम साखर. गुरुत्व उतरत असताना भरलेली बाटली फुटू शकते.

तक्रारी आहेत. आईसबॉक्सचा आतला प्लॅस्टिकचा थर गरम पाण्याने एका बाजूला फुगलाय. अजून गळत नाही, पण हा डबा फार वर्षं टिकेल असं वाटत नाही. नळाजवळची ओ-रिंग वर्षात एकदा तरी बदलावी लागेल, ती सिलिकॉनचीच घ्यावी. जागा बरीच लागते, आणि दळण्यापासून भांडी धुण्यापर्यंत पाच-सहा तास जातात. ऑल-इन-वन यंत्राने यातला तासभर आणि निम्मी जागा वाचते. ज्यांना दोन्हींची चणचण आहे त्यांनी तेच घ्यावं, बीअर त्यातूनही तितकीच चांगली निघते.

पुढे कॉइलमधून वर्ट फिरवून मॅश तापवायची हर्म्स पद्धत लावायचा विचार होता, तो मी सोडला. एक अंशाच्या घसरणीसाठी आणखी एक पंप आणि धुवायला दहा जोड वाढवण्यात मला फायदा दिसत नाही. त्याऐवजी फर्मेंटरमधून बीअर काढताना हवा लागू नये, यावर काम चालू आहे. हॉप्स जास्त असलेली बीअर बाटलीत महिन्याभरात फिकी पडते, आणि सध्या या सेटअपची सर्वात मोठी उणीव तीच आहे.