क्योटोत पोटपूजा: निशिकी की देपाचिका?

क्योटोत अर्धाच दिवस हाताशी असेल तर माझं मत निशिकी बाजाराला. जेमतेम 390 मीटरची छत घातलेली अरुंद गल्ली, शंभरावर दुकानं. काडीला टोचलेला लालसर, चिमुकला ऑक्टोपस आणि त्याच्या डोक्यात लाव्याचं अख्खं अंडं! शेजारी पिंपात तांदळाच्या कोंड्यात मुरलेली लोणची. घेतलेलं मात्र दुकानापाशीच उभं राहून खावं, चालता चालता नाही. गर्दी खूप, म्हणून सकाळीच गाठा.

देपाचिका म्हणजे डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला खाद्यविभाग. दाइमारू, ताकाशिमाया ही अशी स्टोअर्स निशिकीपासून पायी जवळच. सगळं चकाचक, मिठाईचं वेष्टनसुद्धा देखणं. बंद व्हायच्या सुमारास तयार डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात; डबा घ्या आणि कामो नदीकाठी बसा. शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे विचारूनच घ्यावं, भाजीतही माशाचा अर्क असतो.