जॅमचा थर्मामीटर आणि काचेच्या बरण्या : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी भरलेली स्ट्रॉबेरी जॅमची शेवटची बरणी काल उघडली. झाकण फिरवताच 'टक्' आवाज आला आणि जीव सुखावला. वास ताजा, चव जशीच्या तशी. रंग मात्र लालवरून विटकरीकडे झुकलाय. अंधाऱ्या कपाटात ठेवूनही एवढा फरक पडलाच. उजेडात राहिलेली बरणी तर चौथ्या महिन्यातच काळपट दिसायला लागली होती.

थर्मामीटर घेण्याआधी एक घाणा सरबतासारखा पातळ राहिला होता. घेतल्यावर पहिला घाणा उलट चिवट झाला, कारण मी १०५ अंश हा आकडा धरून बसले होते. मग साध्या खळखळत्या पाण्यात दांडी बुडवून पाहिली, तर आकडा ९८ वर थांबला! पाणी जिथे उकळतं त्याच्या ४ ते ५ अंश वर जॅम जमतो. १०५ हे समुद्रसपाटीचं गणित. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी धरायचा. माझ्याकडचा फरक उंचीचा असो की थर्मामीटरचा, वजाबाकी तीच. आता मी १०२-१०३ ला गॅस बंद करते. दांडी पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायची नाही, नाहीतर आकडा फसवतो.

तरी फ्रीजरमधली गार बशी मी सोडलेली नाही. तिच्यावर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की झालं. तोपर्यंत पातेल्यातला बारीक फेसही ओसरलेला असतो आणि मोठे, संथ बुडबुडे फुटत असतात. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) कमी, म्हणून किलोला दोन लिंबांचा रस घालते आणि थोडी कमी पिकलेली फळंही मुद्दाम घेते.

बरण्यांबद्दल समाधानी आहे. आधी १० मिनिटं उकळून घ्यायच्या, जॅम गरम असतानाच भरायचा, पण शिगोशीग नाही. वर ६ मिलिमीटर जागा हवी. मग झाकण लावून पुन्हा १० मिनिटं उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायच्या. अकरापैकी एकच फसली, म्हणजे तिचं झाकण हवाबंद बसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या झाकणाचा मधला भाग दाबला की वरखाली होत होता. काठावर जॅमचा ओघळ राहिला होता, पुसायचा विसरले होते. ती सरळ फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवली. बरण्या पुन्हा वापरते, झाकणं मात्र नवीन घेते.

साखर निम्म्यावर आणून एक घाणा केला होता. उघडलेल्या बरणीवर, फ्रीजमध्ये असूनही, तिसऱ्या आठवड्यात बुरशी आली. वरचा थर काढून खायचा मोह झाला, पण बुरशी दिसते त्याच्या खालीही पसरलेली असते, म्हणून अख्खी बरणी टाकली. फार वाईट वाटलं. कमी साखरेचा जॅम करायचाच असेल तर एक-दोन छोट्या बरण्यांपुरता करा आणि लगेच संपवा.

यंदा सगळ्या बरण्या २०० मिलीच्याच घेणार आहे.