मानेसाठी उशी: मेमरी फोम घ्यावा की लेटेक्स?

सकाळी उठल्यावर मान धरलेली असते, एका बाजूला वळवली की खांद्यापर्यंत कळ जाते, आणि आंघोळ-चहा होईपर्यंत सगळं सैल पडतं. असं वारंवार होत असेल तर उशीकडे बघायला हवं. मग दुकानात दोन उशा समोर येतात. एक मेमरी फोमची, पुढून-मागून उंचवटे आणि मध्ये खोलगट, जिला सगळे ‘सर्व्हायकल पिलो’ म्हणतात. दुसरी लेटेक्सची, दिसायला साधी, हातात घेतली तर जड, अंगभर बारीक भोकं. मी या दोन्ही उशांवर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढला आहे, तोही नाशिकला, जिथे मे महिन्यात गादी तापते आणि डिसेंबरात पहाटे नाकाचा शेंडा गार पडतो. ऋतूंचा उल्लेख मुद्दाम केला. उशी निवडताना दुकानदार त्याबद्दल बोलत नाही आणि माझा निर्णय बराचसा त्यावरच झाला.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुम्ही रात्री कसे झोपता? झोप लागताना कसे असता ते सोडा, मध्यरात्री कसे असता ते घरच्यांना विचारा. उताणं झोपणाऱ्याला मानेखालची पोकळी भरेल एवढाच आधार लागतो. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीएवढं अंतर भरून काढावं लागतं, म्हणून उशी उंच लागते. पालथं झोपणाऱ्याला उशी जितकी पातळ तितकी बरी, नसली तरी चालेल. आणि आपल्यातले बरेच जण रात्रभर यातल्या दोन-तीन तऱ्हांमध्ये फिरत असतात. मी त्यांतलाच. कुशीवर झोपतो, पण एका कुशीवर टिकत नाही.

मेमरी फोमची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे. हा फोम 1966 साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने तयार केला, तो विमानातल्या आसनांसाठी. हिसका बसला तर तो मुरवून घ्यावा आणि अंगाच्या आकाराप्रमाणे हळूहळू दबावं, हा हेतू. उशीतही तो तेच करतो. डोकं टेकवलं की सावकाश खाली जातं, मानेखालचा उंचवटा जागेवर राहतो आणि कुठेही टोचत नाही. पहिल्या रात्री तर वाटतं की प्रश्न मिटला. माझी पत्नी उताणी झोपते आणि सकाळपर्यंत तशीच असते. तिला हीच उशी मानवली, तिची मानेची तक्रार बरीच कमी झाली आणि आता ती प्रवासालाही ती बरोबर नेते. तेव्हा ही उशी वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

माझी अडचण कूस बदलण्याची होती. मेमरी फोम दबतो सावकाश आणि वर येतोही सावकाश. कणकेच्या गोळ्यात बोट दाबल्यावर राहतो तसा डोक्याचा खळगा त्यात थोडा वेळ तसाच राहतो. तुम्ही हललाच नाहीत तर हा खळगा सुखाचा. पण डावीकडून उजवीकडे वळलात की डोकं त्या खळग्याच्या काठावर येतं. अर्धं खाली, अर्धं वर, आणि मान त्या तिरकेपणात सापडते. फोम सावरेपर्यंत काही सेकंदच जातात, पण तेवढ्यात झोप चाळवते. मग उशी हाताने ओढायची, दाबायची, पुन्हा पडायचं. एका रात्रीत हे किती वेळा होतं ते मोजलं नाही, पण सकाळी डोळे जड असायचे आणि मान तशीच अवघडलेली. त्यात उंचवटे ठरलेल्या जागी. उताणं असताना जो उंचवटा मानेला बरोबर वाटतो, तोच कुशीवर वळल्यावर मला कमी पडायचा. झोपेत कोणी उशी उलटी फिरवून उंच बाजू पुढे घेत नाही.

थंडीत ही गोष्ट आणखी जाणवते. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि गारठ्याने घट्ट होतो, तो त्याचा गुणधर्मच आहे. डिसेंबरात खिडकीजवळच्या पलंगावर रात्री पडलो की पहिली काही मिनिटं उशी लाकडी वाटायची. डोक्याच्या उबेने ती मऊ झाली तरी मऊ फक्त तेवढीच जागा, म्हणून कूस बदलली की पुन्हा घट्ट भागावर डोकं. एसी कमी तापमानावर ठेवून झोपणाऱ्यांनाही हे कळेल. उलट एप्रिल-मे मध्ये डोकं जास्तच रुतायचं आणि मानेखाली घाम साचायचा. वर जेलचा थर असलेल्या उशा मिळतात. सुरुवातीला गार लागतात खऱ्या, पण माझ्या अनुभवात तो गारवा रात्रभर पुरत नाही.

लेटेक्समध्ये हा खळगा राहतच नाही. रबराच्या झाडाचा चीक फेसाळून, साच्यात घालून, गंधक वगैरे मिसळून तापवतात. ही डनलॉप पद्धत 1929 पासूनची. भोकं साच्यातच पडतात, त्यामुळे आतून हवा खेळती राहते. रबर म्हटलं की केरळ आठवतं, आणि देशातलं बहुतेक नैसर्गिक रबर तिथलंच, पण आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडी भागातही रबराच्या बागा आहेत. मूळ पदार्थ रबर असल्याने दाबलं की दबतं, सोडलं की लगेच वर. डोकं वळलं की उशी त्याच क्षणी मानेला भिडते. पहिल्या रात्री मला ही उसळी थोडी विचित्र वाटली, आपल्याला कोणी वर ढकलतंय अशी. आठवडाभरात त्याची सवय झाली, आणि त्यानंतर लक्षात आलं की मधे उठून उशी नीट करणं बंद झालं आहे. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही तिचा मऊपणा मला सारखाच वाटतो.

अर्थात तिच्याही खोडी आहेत. नवी असताना रबराचा वास येतो. खोळ काढून वाऱ्यावर, सावलीत ठेवली की जातो. वजन जास्त, म्हणून अभ्रा बदलताना आणि पलंग आवरताना जाणवतं. डोक्याला मिठी मारल्यासारखं जे सुख मेमरी फोम देतो, ते इथे नाही. रबराची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेताना एक खात्री करा: नुसतं ‘लेटेक्स’ लिहिलं असेल तर त्यात कृत्रिम रबराची भेसळ असू शकते. नैसर्गिक किती टक्के, हे स्पष्ट विचारा. लिहून देत असतील तर उत्तम.

एक सूचना दोन्ही उशांना लागू आहे, कारण आपल्या घरांत उशा-गाद्यांना ऊन दाखवायची पद्धत पक्की आहे. यांना ते चालत नाही. लेटेक्स उन्हात पिवळं पडतं आणि पुढे भुगा होऊन सुटायला लागतं. मेमरी फोमही उन्हाने खराब होतो, आणि धुतला तर आत पाणी धरून बसतो. पंख्याखाली किंवा सावलीत उभी करून ठेवा, बाहेरचा अभ्रा तेवढा धुवा. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती उशी गच्चीवर जाणारच.

सावरीच्या कापसाचं काय, असं कोणी विचारेल. चिपळूणला सासुरवाडीत अजून त्या उशा आहेत. फार हलक्या, आणि हा कापूस पाणी सहसा शोषत नाही, म्हणून कोकणातल्या दमटपणातही टिकतो. शिवण उसवून कापूस कमी-जास्त करता येतो, ही सोय वर सांगितलेल्या दोन्ही उशांत नाही. तिथे दुपारची झोप मस्त लागते. पण रात्रभरात डोक्याखालचा कापूस बाजूला सरकतो आणि पहाटे मान जवळजवळ गादीला टेकते. मान दुखत नसलेल्यांनी खुशाल वापरावी.

उंचीबद्दल मात्र घाई नको. भिंतीला दंड लावून ताठ उभे राहा, आणि भिंत ते कान हे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या. कुशीवर झोपताना साधारण तेवढी पोकळी भरायची असते. पण त्यातून गादी वजा करा. जाड फोमच्या मऊ गादीत खांदा रुततो, म्हणून उशी कमी उंचीची लागते. कापसाच्या किंवा काथ्याच्या कडक गादीवर तीच उशी अपुरी पडेल. शिवाय डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो धरलं तर उशी थोडी दबणारच, तेही लक्षात घ्या. मी एका नातेवाइकाला माझ्यासारखीच लेटेक्सची उशी सुचवली, ती त्याच्या मऊ गादीवर उंच झाली आणि त्याने पातळ बदलून घेतली.

तुम्ही उताणं, न हलता झोपत असाल आणि खोली फार गार-गरम होत नसेल, तर मेमरी फोम घ्या, पैसेही बहुधा वाचतील. रात्री कूस बदलत असाल तर माझा कल लेटेक्सकडे आहे. हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा दुखणं दिवसभर राहत असेल, तर उशीआधी डॉक्टरांकडे जा.

दुकानात उशी दाबून बघण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर तिथल्या गादीवर आडवे व्हा, थोडा वेळ एका कुशीवर पडा आणि मग झटकन दुसऱ्या कुशीवर वळा. ऑनलाइन घेत असाल तर वापरलेली उशी परत घेतात का, किती दिवसांत घेतात, हे आधी वाचा, आणि ती मुदत संपेपर्यंत खोका व बिल टाकू नका.