गिल्गमेश द किंग : देव गेले ते चाललं, झियुसुद्रा का घालवला?

आधी प्रतीबद्दल बोलते, कारण डोकं तिथेच फिरलं. रॉबर्ट सिल्व्हरबर्गची 'गिल्गमेश द किंग' ही १९८४ची कादंबरी. मी जुनी पेपरबॅक प्रत ऑनलाइन मागवली. अवस्था 'उत्तम' असं लिहिलं होतं. साडेचार दिनार, वर टपालखर्च. आम्ही बहारीनमध्ये राहतो, इथे एसी जवळजवळ वर्षभर चालू. कण्यावरचा डिंक सुकून कडकडीत झालेला असणार. गिल्गमेशचा मित्र एन्किडू उरुक शहरात शिरतो न शिरतो तोच पानांचा अख्खा गठ्ठा माझ्या हातात आला. विक्रेत्याला लिहिलं. फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं, जुन्या पुस्तकांत असं व्हायचंच. मग 'उत्तम' कशाला लिहिलंत, असं विचारल्यावर निम्मे पैसे परत, तेही त्यांच्याच दुकानात खर्च करायच्या अटीवर. आता पुस्तकाला काळी क्लिप लावलेली आहे आणि वाचताना ती काढावी लागते, म्हणजे पुन्हा पानं पसरतात.

तरीही काही महिन्यांत हे पुस्तक दोनदा वाचून झालं, म्हणजे लेखकाच्या बाजूने काहीतरी असणारच.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरते. शेवटही फोडणार आहे. चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या गोष्टीत रहस्य कसलं राहणार? सुमेरमधल्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, उरुकचा राजा गिल्गमेश, जंगलातून आलेला मित्र एन्किडू, देवदारांचं अरण्य, तिथला राखणदार राक्षस हुवावा, स्वर्गाचा बैल, मित्राचं मरण आणि मग अमरत्वाचा शोध. सिल्व्हरबर्ग हे सगळं गिल्गमेशच्याच तोंडून सांगतो आणि चमत्कार शक्य तितके बाजूला काढतो. इनान्ना ही देवी आकाशातून उतरत नाही, तर ते नाव धारण करणारी मुख्य पुजारीण आहे. राजाला दरवर्षी तिच्याबरोबर विवाहविधी करावा लागतो, कारण त्याशिवाय राज्याला मान्यता नाही. देऊळ आणि राजवाडा यांची ही ओढाताण पहिल्या वाचनात मला भलतीच आवडली. ती त्याला हवीशी वाटते, त्याच्याशी निजते आणि त्याच्या मुळावरही उठलेली असते. पुराणातली देवी गिल्गमेशने लग्नाला नकार दिला म्हणून चिडते, इथली बाई सत्ता सुटतेय म्हणून चिडते. दुसरं कारण मला जास्त पटतं.

सुरुवातही जबरदस्त आहे. लहानग्या गिल्गमेशचा बाप, राजा लुगलबंदा, मरतो आणि त्याच्याबरोबर दरबारातली जिवंत माणसं थडग्यात उतरतात. पोराला आवडणारा वादकही त्यात असतो. हे नाटकासाठी रचलेलं नाही. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीने १९२२ ते १९३४ या काळात ऊर या सुमेरी शहरात जे राजघराण्याचं दफनस्थळ खणलं, त्यातल्या एका खड्ड्यात चौऱ्याहत्तर माणसं सापडली. बहुतेक बायका, अंगावर दागिने, आणि जवळच वाद्यंही. सिल्व्हरबर्गने तो खड्डा एका मुलाच्या नजरेतून भरला. पुढे हा माणूस मरणाला इतका का घाबरतो, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

मधला किश या दुसऱ्या सुमेरी शहरातला भाग मला पहिल्यांदा कंटाळवाणा वाटला होता. उरुकमध्ये जिवाला धोका म्हणून गिल्गमेश पळतो, किशच्या अग्गा राजाकडे आसरा घेतो, त्याच्या सैन्यात लढतो. वाटलं, एन्किडू कुठे आहे, आणि हे काय लांबण लावलंय? ते मत आता बदललंय. मधल्या काळात सुमेरी कविता भाषांतरातून वाचल्या. गिल्गमेशवरच्या अशा पाच कविता मिळालेल्या आहेत. त्यातल्या एकीत अग्गा उरुकला वेढा घालतो, हरतो, पकडला जातो, आणि गिल्गमेश त्याला सोडून देतो, का तर पूर्वी अग्गाने त्याचा जीव वाचवला होता. कधी, कशातून, काही सांगितलेलं नाही. तेवढ्या फटीत सिल्व्हरबर्गने अख्खं वनवासपर्व बसवलंय. हे कळल्यावर दुसऱ्या वाचनात तीच पानं सगळ्यात चांगली वाटली. (तीच पानं सुटली होती. उलटसुलट लागलेलीही होती.)

आता माझी तक्रार. ती एकच आहे, पण ती मी घरात इतक्या वेळा बोलून दाखवलीय की नवरा म्हणतो, "अगं, पुस्तकच आहे ना ते?"

एन्किडू मेल्यावर गिल्गमेश झियुसुद्राला शोधत निघतो. महापुरातून वाचलेला, देवांनी अमर केलेला एकमेव माणूस. बाबिलोनी महाकाव्यात त्याचं नाव उतनपिश्तिम, पण सिल्व्हरबर्ग सुमेरी नाव वापरतो, ते बरंच आहे. आणि तिथे पोहोचल्यावर कळतं काय? मूळ झियुसुद्रा केव्हाच मेलाय. आता त्या नावाची गादी चालते. एक म्हातारा जातो, दुसरा येतो, नाव तेच. पूरही फार मोठा नव्हता, नद्यांना नेहमी येतात त्यातलाच एक वाईट पूर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टाळी दिली होती. वा, काय चलाखी! नंतर महाकाव्याचं अँड्र्यू जॉर्जचं भाषांतर हाताशी घेऊन अकरावी पाटी वाचली आणि ती टाळी परत घ्यावीशी वाटली. मुळात तो म्हातारा गिल्गमेशला म्हणतो, सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसल्याबसल्या झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर खूण करते. तो उठून म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागला होता. मग भाकऱ्या दाखवल्या जातात. पहिली वाळून कोळ झालेली, दुसरी चामट, तिसरी ओलसर, चौथी पांढरी पडलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी, सातवी अजून निखाऱ्यावर. ज्याला झोप जिंकता येत नाही तो मरण काय जिंकणार? हा टोला समोर खरोखर न मरणारा माणूस बसलाय म्हणून लागतो. वस्तू आहे, दिसतेय, फक्त तुला मिळणार नाही. कादंबरीत वस्तूच नाही. दुकान बंद असलं की माणूस घरी जातो, वाईट वाटतं ते दुकान उघडं असून आपल्याला नाही म्हटल्यावर. सिल्व्हरबर्गने गिल्गमेशचं दुःख स्वस्त केलं, आणि मला खुपतं ते हेच.

देव काढून टाकण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. भैरप्पांचं 'पर्व' मराठीत उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचलंय. तिथे पांडवांचे बाप आकाशातले देव नाहीत, नियोगासाठी बोलावलेली हिमालयातली माणसं आहेत. तिथे काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही, कारण कुंतीची अडचण तशीच राहते, उलट वाढते. इथे मात्र अडचणच नाहीशी होते.

आणि मी जिथे राहते तिथे हे जास्त खुपतं. पुराच्या सुमेरी काव्यात देव झियुसुद्राला दिलमुनला नेऊन ठेवतात, आणि दिलमुन म्हणजे आमचं हे बेट, असं पुरातत्त्ववाले बहुतेक सगळे मानतात. आली गावातून जाताना दिलमुन काळातले थडग्यांचे ढिगारे घरांच्या मधूनच दिसतात, कुंभारांच्या भट्ट्यांना लागून. २०१९ला युनेस्कोने यादीत घातलेले असे ११,७७४ ढिगारे बेटावर आहेत. अमर माणसाचा पत्ता आणि इतकी थडगी एकाच बेटावर! कलअत अल बहरीन या इथल्या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ जेफ्री बिबी आणि डॅनिश मंडळींना जमिनीखाली पुरलेली मातीची भांडी सापडली. आत सापाचं वेटोळं केलेला सांगाडा, सोबत फिरोजाचा मणी किंवा मोती. महाकाव्यात गिल्गमेश पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी जातो, तरुण करणारी वनस्पती काढतो आणि ती साप पळवतो. इथले मोती काढणारेही दगड बांधूनच बुडी मारायचे. बिबीने ही सगळी टोकं एकत्र आणली होती. ती भांडी महाकाव्याच्या लिखाणानंतर बऱ्याच शतकांची आहेत, तेव्हा फार ताणू नये, पण वाडग्यातला तो साप मी पाहिलाय. बोटाएवढी हाडं, नीट गोल ठेवलेली. कोणीतरी मुद्दाम बसून हे केलंय. त्या माणसाला कोणी सांगावं, की बाबा, झियुसुद्रा ही नुसती गादी होती?

सासरे दोन महिने आमच्याकडे होते. निवृत्त माणूस, बाहेर ऊन, हाताला लागेल ते वाचतात. पानं सुटलेली असल्यामुळे त्यांनी शेवटचा गठ्ठा आधी वाचला, मग मधला. मला वाटलं, कंटाळून ठेवतील. उलट वादालाच बसले.

"गादी आहे तर बिघडलं काय?" ते म्हणाले. "शंकराचार्य किती झाले? नाव एकच ना? लोक पाया पडतात ते गादीच्या."

मी म्हटलं, "बाबा, शंकराचार्यांकडे कोणी अमर व्हायला जात नाही."

"बरं. इनान्नासुद्धा गादीच आहे की यात. एक बाई जाते, दुसरी त्या नावाने बसते. तिथे तू काही बोलत नाहीस."

हा मुद्दा बिनतोड होता आणि त्यावर मी बरेच दिवस काढले. माझं उत्तर असं : इनान्नाकडे देऊळ आहे, जमिनी, धान्य, माणसं आहेत. देवी काढली तरी सत्ता उरते, आणि गोष्ट सत्तेचीच आहे. झियुसुद्राकडे न मरण्याखेरीज दुसरं काहीच नव्हतं. तेही काढल्यावर उरतो एक ओसाड जागी बसलेला पुजारी. सासऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढी वणवण करून आलेल्या माणसाला इथे कोणीच अमर नाही हे कळणं जास्त भयंकर आहे. मग कोणाचा हेवासुद्धा करता येत नाही.

त्यानंतर ते प्रकरण मी पुन्हा वाचलं. एवढं कबूल, की फसवणूक कळल्यावर गिल्गमेश आदळआपट करत नाही आणि तो सूर चांगला पकडलाय. पहिल्या वाचनात माझं लक्ष युक्तीकडे होतं, माणसाकडे नव्हतं. म्हणून दोन तारे देणार होते ते साडेतीन करते. चार नाही.

बाकी थोडक्यात. भाषा जुन्या राजाच्या तोंडी शोभेल अशी, थोडी जड, पण वाचता येते. हुवावाचा भाग ठीकठाक. एन्किडू मला अपुरा वाटला. मित्र मेल्याचं दुःख पानभर आहे, मैत्री मात्र घाईत उरकलीय. आणि शेवटाकडे इनान्नाचा हिशेब ज्या पद्धतीने चुकता होतो तो बायकांना आवडेल असं वाटत नाही, मला नाही आवडला. तिच्या बाजूने एक तरी प्रकरण हवं होतं.

गंमत अशी, की देवांची हकालपट्टी करणाऱ्या याच लेखकाने पुढे गिल्गमेशला मेल्यानंतरच्या जगात नेऊन बसवलं. त्या दीर्घकथेला १९८७चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला आणि तिच्या भोवती पुढे कादंबरीही झाली. तिथे हा राजा निरनिराळ्या शतकांतल्या मेलेल्या माणसांबरोबर भटकतो, त्यात विसाव्या शतकातले अमेरिकी कथालेखकही आहेत. म्हणजे अमरत्व नाही, पण मेल्यावर सगळे पुन्हा हजर. मग झियुसुद्रानेच काय घोडं मारलं होतं?

घ्यायची असेल तर ई-बुक घ्या, नाहीतर कण्याचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका. महाकाव्याचं भाषांतर मात्र आधी वाचा, मग ही. सासऱ्यांनी जाताना त्या पुढच्या कादंबरीचं नाव कागदावर लिहून नेलंय आणि फोनवर दोनदा विचारून झालंय, मिळाली का म्हणून. विक्रेत्याकडे अडकलेले निम्मे पैसे तिकडे लावता येतील. टपालखर्च बाबांनी द्यावा.