डिस्क हार्ड ड्राइव्हवर उतरवणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापरलेला संच: डेस्कटॉपचा जाड साटा (मदरबोर्डला जोडायचा) डीव्हीडी रायटर, एक यूएसबी स्लिम ड्राइव्ह, आणि डिस्क वाचायचे दोन प्रोग्राम: विंडोजवर इमगबर्न, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. उतरवलेला माल: डेटा सीडी-डीव्हीडी, जुने पीसी गेम, प्लेस्टेशन 1 आणि 2 च्या डिस्क.

आधी ड्राइव्ह. स्वच्छ डिस्कवर स्लिम आणि जाड यांत फरक जाणवत नाही. ओरखडे आले की स्लिम आधी मान टाकतो. जाड रायटर यूएसबीला जोडायचा तर 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला अडॅप्टर घ्या. अडीच इंची हार्ड डिस्कसाठीचा अडॅप्टर 5 व्होल्टच देतो, त्यावर हा ड्राइव्ह चालत नाही. काही अडॅप्टर ऑप्टिकल ड्राइव्ह ओळखतच नाहीत, तेही आधी पाहून घ्या. स्लिम ड्राइव्ह बिनपॉवरच्या हबवर लावू नका. डिस्क वेग घेताना करंट वाढतो, ड्राइव्ह मधेच गायब होतो आणि खापर बिचाऱ्या डिस्कवर फुटतं.

सगळ्यात जास्त घोळ फॉरमॅटचा होतो. सीडीचा कच्चा सेक्टर (डिस्कवरचा वाचायचा एक तुकडा) 2352 बाइटचा, त्यातला साध्या डेटा सीडीवरचा उपयोगी डेटा 2048. डिस्कची प्रत फाइलमध्ये घेतली की तिला इमेज म्हणतात: आयएसओ प्रकारच्या इमेजमध्ये फक्त हे 2048 येतात, बिनमध्ये अख्खा सेक्टर. म्हणूनच 700 एमबीच्या भरलेल्या सीडीची बिन फाइल 800 एमबीच्या पुढे जाते. काहीतरी चुकलं असं समजून ती पुसू नका. साध्या डेटा सीडीला आयएसओ पुरतो. प्लेस्टेशन 1 ला तो चालत नाही: तिथला एक्सए प्रकारचा आवाज मोड 2 फॉर्म 2 नावाच्या वेगळ्या सेक्टरांत असतो, त्यात 2324 बाइट डेटा बसतो आणि 2048 च्या साच्यात तो कापला जातो. शिवाय कित्येक गेमचं संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतं, ते आयएसओत येतच नाही. गेम सुरू होतो, पण मुका. इमगबर्नच्या रीड मोडमध्ये अशी सीडी दिली की तो स्वतःच बिन आणि क्यू अशी जोडी बनवतो. क्यू ही नुसती मजकुराची फाइल, पण तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. बिनचं नाव बदललं तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून तिथेही बदला. एम्युलेटरला (पीसीवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) नेहमी क्यू द्यायची, बिन नाही.

डीव्हीडीचं सोपं आहे: आयएसओ. प्लेस्टेशन 2 चे काही गेम मात्र सीडीवर आहेत, त्या डिस्कची खालची बाजू निळी असते. ठेवायचा ड्राइव्ह फॅट 32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि डीव्हीडीची कॉपी शेवटाला येऊन अडकते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

"कॉपी पूर्ण" या संदेशावर किती भरवसा ठेवायचा? डेटा सेक्टरमध्ये चूक ओळखायचे 4 आणि दुरुस्तीचे 276 बाइट असतात, त्यामुळे वाचता आलं नाही तर ड्राइव्ह बोंब मारतो. ऑडिओ ट्रॅकमध्ये हे काहीच नाही. चुकीचे बाइट गुपचूप येतात. ऑडिओ असलेली सीडी 8 एक्स वेगाने दोनदा वाचा आणि दोन्ही बिनचे एसएचए-1 हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून पाहा. जुळले नाहीत तर डिस्क पुसा, वेग आणखी कमी करा, तिसऱ्यांदा वाचा. रीडंपच्या (डिस्कच्या पडताळलेल्या प्रतींचे हॅश देणारी साइट) यादीशी जुळवायचं असेल तर ड्राइव्हचा ऑफसेटही (ऑडिओ थोडा मागेपुढे वाचण्याचा ठरावीक फरक) दुरुस्त करावा लागतो, नाहीतर ऑडिओ ट्रॅक निर्दोष असूनही हॅश वेगळा येतो.

खराब डेटा डिस्कवर डीडीरेस्क्यूला तोड नाही, पण सेक्टरचा आकार 2048 द्यायला विसरू नका. मुळात तो 512 धरतो. पहिली फेरी मायनस एन हा पर्याय लावून, म्हणजे सहज निघतं ते आधी उतरतं. दुसरी फेरी थेट वाचन (सिस्टिमचा कॅशे टाळून) आणि तीन प्रयत्न. मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपा. खरी मजा तिथे आहे: डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली की फक्त राहिलेले तुकडे वाचले जातात. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा अनेकदा मुकाट्याने देतो. ऑडिओ ट्रॅकच्या सीडीला हा उपाय लागू नाही, तो 2048 चेच सेक्टर मागतो.

पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. आणि सीडीची खालची बाजू बघून समाधान मानू नका: चंदेरी थर छापील बाजूच्या लाखेखालीच असतो. डिस्क दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला डेटा गेला, पॉलिशने परत येत नाही. डीव्हीडीत थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, तिला हा धोका कमी.

पीसी गेमची एक गंमत. सेफडिस्क या कॉपी-संरक्षणाच्या डिस्कवर सुरुवातीच्या दहाएक हजार सेक्टरांत मुद्दाम वाचता न येणारे सेक्टर पेरलेले असतात. डिस्क चकचकीत असूनही तिथे चुकांची रांग लागली तर घासत बसू नका. इमेज नीट निघाली तरी विंडोज 10 वर त्या संरक्षणाचा ड्रायव्हर नाही, त्यामुळे गेम तिथे अडणारच.

निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी (Wii) या कन्सोलच्या डिस्क साधारण पीसी ड्राइव्ह वाचत नाहीत. त्यांना वी वर क्लीनरिप हा प्रोग्राम चालवावा लागतो. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या खास डिस्कचा, म्हणजे जीडी-रॉमचा, फक्त पहिला छोटा भाग पीसीवर दिसतो, तेवढ्यावर फसू नका.

जागेसाठी सीएचडी (आवळलेल्या इमेजचा प्रकार) उत्तम. सीएचडीमॅन हा प्रोग्राम सीडीला क्यूवरून आणि डीव्हीडीला आयएसओवरून आवळतो, काही गमावत नाही, उलटंही करता येतं. मूळ बिन पुसण्याआधी त्याच साधनाचा व्हेरिफाय चालवा आणि एकदा परत उलगडून हॅश ताडा. उलगडताना सगळे ट्रॅक एकाच बिनमध्ये आले, तर ट्रॅकनिहाय जुने हॅश त्याला जुळणार नाहीत.